गिटहबवरचे दोनशे रेपो आणि पॉवरशेल: वाचणारी स्क्रिप्ट वेगळी, बदलणारी वेगळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कंपनीच्या गिटहब ऑर्गनायझेशनमध्ये (गिटहबवरच्या सामायिक खात्यात) दोनशेच्या आसपास रेपो, म्हणजे कोडची भांडारं, साठलेत. त्यातल्या बऱ्याच रेपोंना वर्ष-दीड वर्ष कोणी हात लावलेला नाही. प्रत्येक टीमची लेबलं (इश्यूंवर, म्हणजे कामांच्या आणि चुकांच्या नोंदींवर, लावायच्या चिठ्ठ्या) निराळी, मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य फांदीवर) कुठे प्रोटेक्शन, म्हणजे थेट बदलांना अटकाव, आहे तर कुठे नाही, आणि ही सगळी साफसफाई तुमच्या गळ्यात पडली आहे. पॉवरशेल ही मायक्रोसॉफ्टची स्क्रिप्ट-भाषा तुम्हाला चांगली येते, लिनक्सवरची बॅश फारशी नाही. ‘पॉवरशेलफॉरगिटहब’ हे मॉड्यूल वापरावं की गिटहबचं स्वतःचं ‘जीएच’ हे कमांडचं साधन, टोकन (गिटहबला ओळख पटवणारी गुप्त किल्ली) कुठे ठेवावं, आणि एकच स्क्रिप्ट लिहून ती दर महिन्याला आपोआप चालवता येईल का, हे तुम्हाला हवंय.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एकच स्क्रिप्ट लिहू नका, दोन लिहा. पहिली फक्त वाचते: कोणते रेपो आहेत, शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) कधीचा, किती पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) उघड्या आहेत, कोणती लेबलं आहेत. हे सगळं ती एका सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलीत, ओतते. ती सीएसव्ही तुम्ही टीम लीडना पाठवता आणि ‘निर्णय’ नावाच्या रकान्यात माणूस लिहितो: ठेवा, आर्काइव्ह (फक्त वाचण्यापुरता गोठवा), विचारायचंय. दुसरी स्क्रिप्ट तीच सीएसव्ही उघडते आणि त्या रकान्यात जे लिहिलंय तेवढंच करते. स्वतःचं डोकं अजिबात चालवत नाही.

‘सहा महिन्यांत पुश नाही (नवा कोड चढवलेला नाही), तर आर्काइव्ह’ असा नियम थेट कोडमध्ये लिहायचा मोह होतो, दोन ओळींचं तर काम. पण मार्चअखेरीला वर्षातून एकदाच चालणारी हिशेबाची स्क्रिप्ट ज्या रेपोत आहे, तो रेपो हा नियम दिवाळीतच गिळतो, आणि कळतं ते थेट ३१ मार्चला. तारखेवरून माणसाला इशारा द्यावा. निर्णय तारखेवर सोडू नये.

आता मॉड्यूलबद्दल. पॉवरशेलफॉरगिटहब हे मायक्रोसॉफ्टचं मुक्तस्रोत मॉड्यूल. पॉवरशेल गॅलरीवरून ‘इन्स्टॉल-मॉड्यूल’ने येतं. विंडोज पॉवरशेल ५.१ वरही चालतं आणि पॉवरशेल ७ वरही, पण तुम्ही ७ च घ्या, कारण पुढे येईलच. कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देतोय. ‘गेट-कमांड’ला मॉड्यूलचं नाव दिलंत की पूर्ण यादी समोर येते, आणि टॅब दाबला की नाव आपोआप पूर्ण होतं, त्यामुळे स्पेलिंगची काळजी नको.

या मॉड्यूलचं खरं बळ म्हणजे हातात मजकूर येत नाही, ऑब्जेक्ट, म्हणजे नाव, तारीख असे वेगळे कप्पे असलेला डेटा, येतो. ‘गेट-गिटहबरिपॉझिटरी’ला ऑर्गनायझेशनचं नाव दिलं की सगळे रेपो ऑब्जेक्ट म्हणून मिळतात. ते पाईपने (एका कमांडचं उत्तर दुसरीला देणाऱ्या खुणेने) गाळायला ‘व्हेअर-ऑब्जेक्ट’कडे, तिथून पुढे याच मॉड्यूलच्या दुसऱ्या कमांडकडे. रेपोचं ऑब्जेक्ट पाईपमधून आलं की पुढची कमांड त्यातला पत्ता स्वतःच उचलते, मालकाचं नाव आणि रेपोचं नाव पुन्हापुन्हा द्यावं लागत नाही. तारखाही खऱ्या तारखा म्हणून येतात, त्यामुळे त्यांची वजाबाकी करता येते.

उणी बाजूही सांगतो. मॉड्यूलची आवृत्ती अजून शून्यानेच सुरू होते, आणि गिटहब ज्या वेगाने नवनव्या गोष्टी आणतं त्या वेगाने हे मॉड्यूल धावत नाही. ज्याला तयार कमांड नाही त्यासाठी ‘इन्व्होक-जीएचरेस्टमेथड’ आहे. एपीआयचा (प्रोग्रॅमने गिटहबशी बोलण्याच्या दाराचा) पत्ता आणि मेथड दिली की टोकन जोडणं, चुका नीट दाखवणं, लॉग लिहिणं हे ते सांभाळतं. अनेक पानांचा प्रतिसाद असेल तर त्याचंच ‘मल्टिपलरिझल्ट’वालं भावंड वापरा, ते सगळी पानं ओढून आणतं. आणखी एक: हे मॉड्यूल आपल्या वापराची माहिती (टेलिमेट्री) मायक्रोसॉफ्टकडे पाठवतं. कंपनीच्या सिक्युरिटीवाल्यांनी विचारायच्या आधीच ‘सेट-गिटहबकॉन्फिगरेशन’मधून ती बंद करून टाका. लॉगची फाइल कुठे जावी हेही तिथेच ठरवता येतं. न ठरवल्यास ती डॉक्युमेंट्समध्ये जाऊन बसते, आणि सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टचं डॉक्युमेंट्स कोणाचं, हे शोधत बसावं लागतं.

जीएच हे गिटहबचं अधिकृत साधन. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि तेव्हापासून त्यात सतत भर पडतेय. ते जेसन (डेटाचा मजकुरी साचा) देतं, पॉवरशेलमध्ये ‘कन्व्हर्टफ्रॉम-जेसन’ लावलं की त्याचेही ऑब्जेक्ट होतात. म्हणजे हे की ते, असा पेच नाहीच. माझी वाटणी अशी: यादी, गाळणी, अहवाल, लेबलं, आर्काइव्ह यांसाठी मॉड्यूल. ॲक्शन्सचे (गिटहबवर स्क्रिप्ट आपोआप चालवण्याच्या सोयीचे) सीक्रेट, म्हणजे गुप्त मूल्यं, भरायचे असतील तर डोळे मिटून जीएच, कारण सीक्रेट पाठवण्याआधी ते रेपोच्या सार्वजनिक कीने एन्क्रिप्ट करावं लागतं, ते पॉवरशेलमध्ये हाताने करणं डोकेदुखी आहे आणि जीएच ते आतल्याआत उरकतं. एक सावधगिरी: जीएचची रेपो यादीची कमांड न सांगता फक्त ३० रेपो देते. दोनशेची अपेक्षा असताना ३० च्या ३० ओळी आल्या की चूक दिसत नाही, कारण यादी व्यवस्थितच दिसते. लिमिट स्पष्ट लिहा.

हा ३० चा आकडा मुळात गिटहबच्या एपीआयचा. बऱ्याच याद्या न सांगितल्यास पानाला ३० नोंदी देतात, जास्तीत जास्त १००. ‘इन्व्होक-रेस्टमेथड’ने थेट एपीआयला हाक मारणारी स्क्रिप्ट कुणी लिहून ठेवली असेल तर आधी हेच तपासा.

आता पहिली स्क्रिप्ट, कारण खरी मेहनत इथे आहे.

रेपो शेवटी कधी हलला हे ठरवायला लोक दोन तारखा घेतात आणि दोन्ही फसव्या आहेत. ‘अपडेटेड-ॲट’ ही रेपोच्या माहितीतल्या बदलाची तारीख. कोणी वर्णनातली चूक सुधारली तरी ती पुढे सरकते, कोड जसाच्या तसा असतो. ‘पुश्ड-ॲट’ बरी वाटते, पण ती कुठल्याही ब्रँचवरच्या पुशने हलते. डिपेंडाबॉट चालू असेल तर तो अवलंबित पॅकेजांच्या नव्या आवृत्त्यांसाठी स्वतः ब्रँच ढकलत राहतो, आणि दोन वर्षं मृत असलेला रेपो कालपरवाच काम झाल्यासारखा दिसतो. म्हणून डीफॉल्ट (मुख्य) ब्रँचचं टोक बघा. ‘गेट-गिटहबरिपॉझिटरीब्रँच’ला रेपो आणि त्याच्या डीफॉल्ट ब्रँचचं नाव दिलं की त्या ब्रँचचा शेवटचा कमिट तपशिलासह येतो. त्यात दोन तारखा असतात, ऑथरची (बदल मुळात लिहिला तेव्हाची) आणि कमिटरची (तो ब्रँचवर नोंदला तेव्हाची). कमिटरची घ्या. रिबेस केलेल्या (ब्रँचच्या नव्या टोकावर पुन्हा रचलेल्या) कामात ऑथरची तारीख जुनीच राहते, त्यामुळे कालच मर्ज झालेलं काम मागच्या वर्षीचं दिसू शकतं.

याच उत्तरात ब्रँच प्रोटेक्टेड आहे की नाही याचा हो-नाही शेराही मिळतो, त्यासाठी वेगळी विनंती लागत नाही. प्रोटेक्शनचे तपशील, म्हणजे किती रिव्ह्यू लागतात, कोणते चेक सक्तीचे, हे मात्र वेगळं मागावं लागतं आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेशनची वाचण्याची परवानगी लागते. इथे ४०४ (‘सापडलं नाही’ या एररचा आकडा) आला तर अर्थ लावताना थांबा. प्रोटेक्शनच नसेल तरी ४०४ येतो, आणि खाजगी रेपो टोकनला दिसत नसेल तरीही गिटहब ४०४ च देतं, कारण ‘आहे, पण तुला दाखवणार नाही’ असं म्हटलं तर रेपो असल्याचंच उघड होईल. तुमच्या अहवालात ‘प्रोटेक्शन नाही’ आणि ‘दिसलं नाही’ ही दोन वेगळी मूल्यं हवीत.

पॉवरशेलची एक जुनी खोड इथे नेमकी चावते, ती जरा जवळून बघा. लूप फिरतोय, प्रत्येक रेपोसाठी ब्रँच मागवून ‘ब्रँच’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवताय, आणि कॉल ट्राय-कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या चौकटीत) आहे. एका रिकाम्या रेपोची पाळी आली. त्यात एकही कमिट नाही, पण त्याच्या माहितीत डीफॉल्ट ब्रँच ‘मेन’ असं लिहिलेलं असतंच. ब्रँच मागितली, ४०४ आला, कॅचने तो गिळला आणि लूप पुढच्या ओळीवर गेला. पण व्हेरिएबलला नवीन मूल्य मिळालंच नाही, त्यात आधीच्या रेपोची ब्रँच तशीच पडलेली आहे. सीएसव्हीत रिकाम्या रेपोसमोर शेजारच्या रेपोची तारीख बसते. लाल अक्षरं नाहीत, अडखळणं नाही, सगळं गुळगुळीत. म्हणून लूपच्या पहिल्या ओळीत असे सगळे व्हेरिएबल नलवर (रिकाम्या मूल्यावर) आणा, कॅचमध्ये एररचा मजकूर एका ‘शेरा’ रकान्यात लिहा, आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘एररॲक्शनप्रेफरन्स’ स्टॉपवर ठेवा. नाहीतर ज्या चुका काम थांबवत नाहीत त्या कॅचपर्यंत पोहोचतच नाहीत.

उघडे इश्यू मोजत असाल तर लक्षात ठेवा, गिटहबच्या एपीआयच्या लेखी प्रत्येक पुल रिक्वेस्ट हा एक इश्यूही असतो. ‘गेट-गिटहबइश्यू’ला पुल रिक्वेस्ट वगळण्याचा स्विच आहे, तो द्या. रेपोच्या माहितीत जो ‘ओपन इश्यूज’चा आकडा येतो त्यातही पुल रिक्वेस्ट मिसळलेल्या असतात. ‘तुमच्याकडे चाळीस इश्यू उघडे आहेत’ असं टीमला लिहायचं आणि त्यातले निम्मे डिपेंडाबॉटच्या पुल रिक्वेस्ट निघायच्या, याने अहवालावरचा विश्वास पहिल्याच महिन्यात जातो.

मग सीएसव्ही. आपल्याकडे रेपोच्या वर्णनात, लेबलच्या वर्णनात लोक मराठी लिहितात, आणि लिहावंच. विंडोज पॉवरशेल ५.१ चं ‘एक्सपोर्ट-सीएसव्ही’ न सांगता ॲस्की हे फक्त इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग वापरतं, त्यामुळे प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं. मूळ अक्षरं फाइलमध्ये उरतच नाहीत, नंतर काही करता येत नाही. पॉवरशेल ७ यूटीएफ-८ लिहितं, पण सुरुवातीची बॉमची (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी) खूण न घालता, आणि ती नसली की एक्सेल डबल-क्लिकने उघडताना तीच अक्षरं भलत्याच चिन्हांत दाखवतं. एन्कोडिंगला ‘यूटीएफ८बॉम’ द्या, दोन्ही प्रश्न मिटतात. ५.१ वरच अडकून असाल तर तिथे नुसतं ‘यूटीएफ८’ म्हटलं तरी बॉम पडतो. आणि हीच सीएसव्ही दुसरी स्क्रिप्ट वाचणार आहे. एक्सेलमधून सेव्ह करताना कुणी साधा सीएसव्ही प्रकार निवडला तर देवनागरी पुन्हा उडेल. ‘निर्णय’ रकान्यात मराठी शब्द ठेवायचे असतील तर लोकांना यूटीएफ-८ वाला सीएसव्ही प्रकार निवडायला सांगा, नाहीतर तिथे १, २, ३ असे आकडे ठेवा. मला आकडेच बरे वाटतात.

गिटहबच्या तारखा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, असतात. रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधलं आपलं काम तिथे आदल्या तारखेला पडतं. महिनाअखेरच्या अहवालात ‘पण मी तर एक तारखेला कमिट केला होता’ असं कोणी म्हणालं तर कारण हे. स्थानिक वेळेत बदलून मगच छापा.

विनंत्यांची मर्यादा या वाचनाला अडत नाही. टोकनशिवाय तासाला ६० विनंत्या मिळतात, व्यक्तिगत टोकनने ५,०००. दोनशे रेपोंची यादी शंभराच्या पानाने २ विनंत्यांत येते, प्रत्येक रेपोमागे ब्रँच, लेबलं आणि पुल रिक्वेस्ट अशा तीन म्हटल्या तरी सहाशेच्या आसपास. ‘गेट-गिटहबरेटलिमिट’ने किती उरल्यात ते बघता येतं. तेव्हा वाचनासाठी ‘पॅरलल’ (एकाच वेळी अनेक विनंत्या) लावून घाई करू नका. दोन मिनिटं वाचतात आणि चुकांचा माग काढणं दसपट कठीण होतं.

लिहिण्याचं गणित मात्र वेगळं. मुख्य मर्यादेशिवाय गिटहबची एक दुय्यम मर्यादा आहे: नव्या नोंदी तयार करणाऱ्या विनंत्या साधारणपणे मिनिटाला ८० आणि तासाला ५०० च्या आत हव्यात. दोनशे रेपोंत प्रत्येकी २० लेबलं म्हणजे ४,००० नोंदी. तासाला ५०० धरल्या तर पूर्ण आठ तास. म्हणजे हे काम ‘जेवायच्या आधी चालवून टाकतो’ असं नाही. बदल करणाऱ्या दोन विनंत्यांमध्ये निदान एक सेकंद थांबा, असं गिटहबच सांगतं. मर्यादा ओलांडली की ४०३ किंवा ४२९ येतो. सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर असेल तर त्यात सांगितलेले सेकंद निमूट थांबायचं. लगेच पुन्हापुन्हा धडका मारल्या तर बंदी येऊ शकते.

त्यामुळे दुसरी स्क्रिप्ट अर्ध्यात बंद पडणारच, असं गृहीत धरूनच ती लिहा. प्रत्येक ओळीचं काम झालं की सीएसव्हीच्या प्रतीत ‘झालं’ रकान्यात वेळ टाका, आणि सुरुवातीला तो रकाना भरलेल्या ओळी वगळा. लेबल तयार करण्याआधी ते आहे का बघा. नसेल तर करा, रंग वेगळा असेल तर बदला, जुळत असेल तर पुढे चला. हीच स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवली तर दुसऱ्या खेपेला एकही बदल व्हायला नको. ही कसोटी लावल्याशिवाय ती दोनशे रेपोंवर सोडू नका. मॉड्यूलच्या बदल करणाऱ्या कमांड ‘व्हॉटइफ’ मानतात: काय करणार ते सांगतात, करत नाहीत. पहिली फेरी नेहमी तीच.

लेबलांबाबत एका कमांडपासून जपा. ‘इनिशियलाइझ-गिटहबलेबल’ हे नाव निरुपद्रवी वाटतं. ती रेपोतली लेबलं तुम्ही दिलेल्या यादीशी जुळवते, आणि यादीत नसलेली सगळी काढून टाकते. यादी दिलीच नाही तर मॉड्यूलची स्वतःची यादी घेते. नव्या रेपोवर चालवायला उत्तम. पण जुन्या रेपोत एखादं लेबल काढलं की ते ज्या ज्या इश्यूवर चिकटवलेलं होतं तिथूनही जातं. चार वर्षांच्या इश्यूंची वर्गवारी एका ओळीत पुसली जाते, आणि ती परत आणणारं बटण नाही. जुन्या रेपोंसाठी ‘सेट-गिटहबलेबल’ने नाव बदला: ‘दोष’, ‘बग’, ‘एरर’ यांपैकी टीमचं जे असेल त्याला ठरलेलं नाव द्या. नाव बदललं की इश्यूंवरचं चिकटलेपण टिकतं. एकाच रेपोत दोन समानार्थी लेबलं असतील तर आधी इश्यू एकाकडून दुसऱ्याकडे हलवा, मगच रिकामं झालेलं काढा. हे कंटाळवाणं आहे. स्क्रिप्ट त्यासाठीच असते.

आणि क्रम चुकवू नका. आर्काइव्ह झालेला रेपो फक्त वाचण्यापुरता उरतो, त्याचे इश्यू, लेबलं, पुल रिक्वेस्ट सगळं गोठतं. लेबलं सुधारायची, उघड्या पुल रिक्वेस्ट बंद करायच्या, रीडमीत ‘याऐवजी अमुक रेपो बघा’ अशी ओळ घालायची, हे सगळं आधी. आर्काइव्ह शेवटी, ‘सेट-गिटहबरिपॉझिटरी’च्या स्विचने. आर्काइव्ह वेबवरून मागे घेता येतं, त्यामुळे त्याची फार भीती नको. डिलीटची मात्र ठेवा. खाजगी रेपो डिलीट केला की त्याचे खाजगी फोर्कही (इतरांनी गिटहबवर घेतलेल्या प्रतीही) जातात, आणि त्यात कोणाचं मूळ रेपोत न आलेलं काम कुठे होतं हे तुम्हाला माहीत नसतं. या स्क्रिप्टमध्ये डिलीटची कमांड असूच नये. ‘रिमूव्ह-गिटहबरिपॉझिटरी’ खात्री विचारते खरी, पण ‘फोर्स’ लावून तो प्रश्न बंद करणारा कोणीतरी प्रत्येक ऑफिसात असतो.

ब्रँच प्रोटेक्शनसाठी मॉड्यूलमध्ये नियम तयार करणारी कमांड आहे. पण आधीपासून प्रोटेक्शन असलेल्या ब्रँचवर एपीआयने बदल करताना मेख अशी की तिथे दुरुस्ती होत नाही, अख्खा संच बदलला जातो. तुम्ही फक्त ‘दोन रिव्ह्यू हवेत’ एवढंच पाठवायला गेलात आणि कोणाला पुश करता येईल ती यादी रिकामी पाठवलीत, तर जुनी यादी गेली. आधी असलेला संच वाचा, त्यात आपला बदल घाला, मग पूर्ण संच परत पाठवा, आणि वाचलेला मूळ संच जेसन फाइलमध्ये जपून ठेवा. गिटहबमध्ये २०२३ पासून रूलसेटही (ब्रँचसाठीचे नियमसंच) आहेत. तुमच्या प्लॅनमध्ये ऑर्गनायझेशनच्या पातळीवरचे रूलसेट मिळत असतील तर दोनशे रेपोंवर लूप फिरवण्याची गरजच नाही, एक नियम वर लावा आणि मोकळे व्हा. जे काम सेटिंगने होतं तिथे स्क्रिप्ट लिहू नये.

टोकन. पासवर्डने एपीआय वापरणं नोव्हेंबर २०२० मध्येच बंद झालं, तेव्हा टोकन लागणारच. क्लासिक (जुन्या प्रकारच्या) टोकनचा ‘रेपो’ स्कोप (परवानगीची कक्षा) म्हणजे तुम्हाला दिसतात त्या सगळ्या खाजगी रेपोंची किल्ली, वाचण्यापुरती वेगळी सोय नाही. म्हणून फाइन-ग्रेन्ड (एकेक परवानगी निवडून देता येणारं) टोकन घ्या, आणि दोन घ्या. वाचणाऱ्या स्क्रिप्टला मेटाडेटा, कंटेंट्स, इश्यू आणि पुल रिक्वेस्ट, सगळं फक्त वाचण्यापुरतं. प्रोटेक्शनचा तपशील हवा असेल तर ॲडमिनिस्ट्रेशनचंही वाचन. बदलणाऱ्या स्क्रिप्टला इश्यू आणि ॲडमिनिस्ट्रेशन लिहिण्यापुरतं. आता यातली गोम बघा: क्लासिकमध्ये रेपो डिलीट करायला वेगळा स्कोप होता, फाइन-ग्रेन्डमध्ये ॲडमिनिस्ट्रेशनच्या लिहिण्याच्या परवानगीतच डिलीट येतं. म्हणून या दुसऱ्या टोकनची मुदत कमीत कमी ठेवा आणि काम संपलं की ते रद्द करा. ऑर्गनायझेशनच्या मालकाची मंजुरी लागू शकते, ती आधीच मागून ठेवा, नाहीतर टोकन बनूनही खाजगी रेपो दिसत नाहीत आणि तुम्ही स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसता.

‘सेट-गिटहबऑथेंटिकेशन’ चालवलं की नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येते. नाव काहीही चालतं, टोकन पासवर्डच्या जागी. विंडोजवर ते एन्क्रिप्ट होऊन तुमच्या खात्याशी बांधलं जातं, म्हणून टास्क शेड्युलरने दुसऱ्या सर्व्हिस खात्यावर स्क्रिप्ट चालवली तर टोकन सापडत नाही. लिनक्स आणि मॅकवर त्या फाइलला खरं एन्क्रिप्शन नसतं. तिथे ‘सेशनओन्ली’ स्विच लावा, म्हणजे ते डिस्कवर जात नाही, आणि टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या. कमांडच्या ओळीत टोकन टाइप करू नका, पॉवरशेलच्या इतिहासाच्या फाइलमध्ये ते पडून राहू शकतं.

राहिलं आपोआप चालवणं. वेळापत्रकावर फक्त वाचणारी स्क्रिप्ट टाका. बदलणारी नेहमी माणसाने हाताने सुरू करावी. वाचणारीला गिटहब ॲक्शन्स पुरे, तिथल्या उबंटू रनरवर (काम चालवणाऱ्या यंत्रावर) पॉवरशेल ७ आधीच असतं. वर्कफ्लोला (ॲक्शन्सवर चालणाऱ्या कामाला) मिळणारं अंगभूत टोकन त्या एका रेपोपुरतंच असतं, ऑर्गनायझेशनचे बाकीचे खाजगी रेपो त्याला दिसत नाहीत, हे पुष्कळांना तिथे अडकल्यावर कळतं. तुमचं व्यक्तिगत टोकन सीक्रेटमध्ये ठेवून चालेल, पण तुम्ही नोकरी सोडलीत की अहवालही सुटला. पुढेमागे गिटहब ॲप बनवून घ्या. ते कुणा माणसाचं नसतं आणि त्याचं टोकन तासाभरात आपोआप बाद होतं. क्रॉनची (वेळापत्रकाच्या ओळीतली) वेळ न सांगितल्यास यूटीसीत धरली जाते: आपल्या सकाळच्या नऊसाठी ३:३०. बरोबर तासाच्या ठोक्याला गर्दी असते आणि काम उशिरा सुरू होतं, म्हणून ३:३७ सारखी आडवी वेळ घ्या.

तयार झालेली सीएसव्ही ईमेलने फिरवण्याऐवजी एका खाजगी रेपोतच कमिट करा, म्हणजे या महिन्यात कोणता रेपो नवा आला, कुठलं प्रोटेक्शन कोणी काढलं, हे डिफमध्येच (दोन आवृत्त्यांतल्या फरकात) दिसतं. लिहिण्याआधी ओळी रेपोच्या नावाने लावून घ्या आणि ‘अहवाल तयार केल्याची वेळ’ असा रकाना प्रत्येक ओळीत ठेवू नका, नाहीतर दर महिन्याला दोनशेच्या दोनशे ओळी बदललेल्या दिसतील.